आयक्यू 76 आलाय मॅडम, हा आकडा वाढतो का हो?

या महिन्यात हा प्रश्न तिसऱ्यांदा आला म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू. नाव आणि बारीकसारीक तपशील बदललेत, आणि आईबाबांना विचारूनच लिहितेय.

मुलगा चौथीतला, आपण त्याला ओम म्हणू. आईने नीट बसायच्या आधीच पर्समधून चार घड्या घातलेला रिपोर्ट काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. आयक्यू 76, बॉर्डरलाइन, म्हणजे सरासरीच्या खाली, सीमारेषेवर. शाळेने सांगितलं म्हणून टेस्ट करून घेतली, रिपोर्ट हातात मिळाला, समजावून कुणी सांगितलं नाही, मग दोघं रात्री दोनपर्यंत गुगल करत बसले आणि सकाळी सासूबाईंनी निकालच देऊन टाकला, "याचे चुलत आजोबा पण असेच मठ्ठ होते, रक्तातच आहे ते." बाबा गप्प बसून होते. आईने विचारलं, "मॅडम, हा आकडा वाढतो का हो? की आता आयुष्यभर असंच?"

मी उत्तर न देता उलटा प्रश्न केला, टेस्ट कुठल्या भाषेत घेतली? इंग्लिशमध्ये, शाळा इंग्लिश मीडियम ना. घरात काय बोलता? मराठी, आणि आजीशी तो अहिराणी बोलतो. झालं, अर्धा रिपोर्ट तिथेच डळमळला. "आग लागली तर काय करशील" हे ज्या भाषेत मूल घाबरतं त्याच भाषेत विचारायचं असतं, नाहीतर आपण इंग्लिश मोजतो आणि खाली बुद्धी असं लिहितो.

मग आकडा येतो कुठून ते सांगितलं. टेस्टच्या दिवशी ओम बरोबर 9 वर्षांचा होता आणि रिपोर्टमध्ये मानसिक वय, म्हणजे त्याची उत्तरं साधारण ज्या वयाच्या मुलासारखी आली ते वय, 6 वर्षं 10 महिने. म्हणजे 82 महिने भागिले 108 महिने, गुणिले 100. झाले 76. बाबांनी मोबाईलवर भागाकार करून बघितला आणि पहिल्यांदा तोंड उघडलं, "एवढंच?" हो, एवढंच. (ही वजन केल्यासारखी गोष्ट नाही, त्यात पाचसहा पॉइंट इकडेतिकडे होतातच, पण रिपोर्टमध्ये ते बारीक अक्षरात असतं नाहीतर नसतंच.)

आता थोडा इतिहास, कारण सासूबाईंचं "रक्तातच आहे" हे वाक्य फार मोठमोठ्या लोकांनी आधी म्हणून झालंय.

ही टेस्ट मूळ पॅरिसची. सगळ्या मुलांना शाळा सक्तीची झाल्यावर काही मुलं मागे पडायला लागली, त्यांना ओळखून वेगळी मदत कशी द्यायची यासाठी सरकारने 1904 मध्ये समिती नेमली, त्यात आल्फ्रेड बिने हा मानसशास्त्रज्ञ होता. त्याने आणि थिओडोर सिमोनने 1905 मध्ये सोप्याकडून अवघडाकडे जाणारी 30 कामं लावली, जळती काडी फिरवली तर नजर मागे जाते का, दोन वजनांत जड कुठलं, ऐकलेले आकडे परत म्हण, असली साधी साधी. मानसिक वय ही कल्पना 1908 च्या सुधारित टेस्टमध्ये आली. पण बुद्धी जन्मतः ठरलेली असते आणि वाढत नाही म्हणणाऱ्यांवर हाच बिने 1909 मध्ये भडकला होता, त्याला त्याने निर्दय निराशावाद म्हटलं. मागे पडलेल्या मुलांसाठी तो लक्ष टिकवायचे व्यायाम सुचवायचा, स्टॅच्यूसारखं न हलता थांबायचं वगैरे, आपल्याकडची पोरं खेळतात तसंच. 1911 मध्ये तो गेला. भागाकाराची आयडिया स्टर्न नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाची, 1912 मधली, आणि 100 ने गुणणं आलं 1916 मध्ये अमेरिकेतल्या टर्मनच्या टेस्टबरोबर. म्हणजे ज्या आकड्याने ओमच्या आईची झोप उडवली तो बिनेने बनवलेलाच नाही!

अमेरिकेत पोचल्यावर याचं जे झालं ते वाचून मला अजून कसंतरी होतं. गॉडार्ड नावाच्या तिथल्या मानसशास्त्रज्ञाने टेस्ट तिकडे नेली, 'मोरॉन' हा शब्द त्यानेच 1910 मध्ये शास्त्रीय वर्ग म्हणून काढला, बोटीतून उतरलेल्या, भाषा न येणाऱ्या स्थलांतरितांना टेस्ट दिल्या आणि मंदबुद्धी घराण्यातून घराण्यात जाते असं एका कुटुंबाचं उदाहरण घेऊन 1912 मध्ये पुस्तकच लिहिलं. पुढे व्हर्जिनियात कॅरी बक नावाच्या तरुणीचं टेस्टवरून मानसिक वय 9 ठरलं, तिची आईही तशीच ठरवलेली आणि कॅरीची काही महिन्यांची मुलगी व्हिव्हियनसुद्धा "नॉर्मल वाटत नाही" म्हणून त्याच रांगेत. 1927 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने कॅरीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली, न्यायमूर्ती होम्सनी लिहिलं, मंदबुद्धींच्या तीन पिढ्या पुरे झाल्या. ती व्हिव्हियन पुढे शाळेत ऑनर रोलवर आली. आठव्या वर्षी आजारपणात गेली बिचारी.

हे ऐकल्यावर बाबा म्हणाले, "आईला सांगतो हे." मी म्हटलं हळू सांगा, त्यांना कॅरी बक नको, नातवाची काळजी आहे त्यांना.

आपल्याकडे ही टेस्ट आणली व्ही. व्ही. कामतांनी. धारवाडला, तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, मराठी आणि कन्नड मुलांसाठी त्यांनी ती बसवली, 1940 मध्ये त्यावर पुस्तक आलं. म्हणजे मराठी मुलाला मराठीत विचारायची सोय आजोबा-पणजोबांच्या काळापासून आहे, तरी ओमला इंग्लिशमध्ये विचारलं. चिडचिड होते माझी, पण मी काय फार शहाणी होते असं नाही, प्रॅक्टिसच्या सुरुवातीला मी पण रिपोर्टमध्ये आकडा बोल्ड करायचे आणि मुलाला काय जमतं ते शेवटच्या दोन ओळीत गुंडाळायचे.

तीच टेस्ट लगेच परत घेण्यात अर्थ नसतो, म्हणून आम्ही मलिन यांची टेस्ट मराठीत घेतली, ही नागपूरची, 1969 ची, तोंडी आणि कृतीचे भाग वेगळे मिळतात. 88 आला. आई रडायलाच लागली आनंदाने, तर तिला थांबवावं लागलं, की ताई, टेस्ट वेगळी, नॉर्म्स (ज्या मुलांच्या गुणांशी तुलना करतात ते) वेगळे आणि जुने, 76 चे 88 झाले असं धरू नका. मला त्यात आकड्यापेक्षा चढउतार महत्त्वाचे वाटले. ठोकळ्यांची नक्षी छान, दोन गोष्टींतलं साम्य झकास सांगितलं, पण ऐकलेले आकडे उलटे म्हणताना पार गळपटला. नंतर दुसरीचा मराठी धडा वाचायला दिला तर एकेक अक्षर लावत बसला, तोच धडा मी वाचून दाखवला तर सगळी उत्तरं बरोबर. म्हणजे प्रश्न बहुतेक वाचनाचा आहे, अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे समज असूनही वाचना-लेखनात अडखळण्याचा. त्याची रीतसर तपासणी सरकारी हॉस्पिटलमधून करून घ्यायला पाठवलंय, 2016 च्या कायद्यात ती दिव्यांगत्वात धरली आहे, सर्टिफिकेट मिळालं तर परीक्षेत जास्त वेळ वगैरे सवलती मिळू शकतात.

तोपर्यंत रोज वीस मिनिटं वाचन, आईने नाही, बाबांनी घ्यायचं, कारण आईबरोबर अभ्यास म्हटलं की दोघंही रडतात. आणि आजीकडून अहिराणीत गोष्ट ऐकायची, ती त्याने मला मराठीत सांगायची. परवा कोल्ह्याची सांगितली, मधेच शेवट बदलला आणि म्हणाला, "टीचर, आजीचा शेवट बोअर होता."

जाताना बाबांनी विचारलं, जुना रिपोर्ट फाडून टाकू का. म्हटलं नको, तपासणीला मागतील, फाईलमध्ये सगळ्यात खाली ठेवा. मग मोबाईल काढून विचारलं, पुढची टेस्ट कधी? मी म्हटलं किमान एक वर्ष तरी नाही, तर त्यांनी तिथल्या तिथे पुढच्या वर्षीचा रिमाइंडर लावून घेतला.