रिमॅप केलेल्या टर्बो गाडीला वेगळी गेज लावण्यात अर्थ आहे का?

प्रश्न: माझ्याकडे टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे. स्टेज १ रिमॅप (फक्त इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) झालाय, पुढे डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप) बदलायचा विचार आहे. बूस्ट (टर्बोने हवेला दिलेला जादा दाब), ऑइल प्रेशर आणि एअर-फ्यूएल (हवा-इंधनाचं प्रमाण) अशी तीन गेज ए-पिलरवर (पुढच्या काचेशेजारच्या खांबावर) लावायचे २५ हजार सांगताहेत. खरंच उपयोग होतो, की नुसता शो?

उत्तर: तीनपैकी एक लावा, दुसरं फोनवर बघा, तिसरं तूर्तास विसरा. कुठलं कुठं ते सांगतोच, पण त्याआधी माझी फजिती ऐका.

२०१८ साली मी माझ्या १.२ लिटर टर्बो पेट्रोलचा स्टेज १ करून घेतला आणि आठवड्याभरात बूस्ट गेज बसवलं. काटा उडताना बघायला मजा येते, एवढंच कारण. मग हाव सुटली आणि ऑइल प्रेशरचं घेतलं. त्याचा सेन्सर बसवायला ऑइल फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये सँडविच प्लेट टाकतात. सेन्सर आला होता १/८ इंची एनपीटी (अमेरिकी मापाच्या) आट्यांचा, आणि प्लेट मी भोसरीत हायड्रॉलिकच्या दुकानातून करून घेतली. आपल्याकडे अशा दुकानात सहसा बीएसपी (ब्रिटिश मापाचे) आटे मिळतात. एनपीटीला इंचात २७ आटे, बीएसपीला २८. पहिले दोन फेरे दोन्ही अगदी गुण्यागोविंदाने फिरतात, तिसऱ्याला अडतात. मेकॅनिकने ‘टाइट बसतंय, चांगलंय की’ म्हणत भरपूर टेफ्लॉन टेप गुंडाळला आणि पाना मारला.

दुसऱ्या दिवसापासून काटा नाचायला लागला. कधी चार बार, कधी शून्य. एक वायरवाल्या सेन्सरला अर्थिंग त्याच्या बॉडीतून, म्हणजे आट्यांमधूनच मिळतं, आणि आमच्या पठ्ठ्याने तिथंच टेप गुंडाळलेला. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. ‘हे असंच करतं’ म्हणून मी काट्याकडे बघणंच सोडलं. लांडगा आला रे आला! पंधरा दिवसांनी ताम्हिणीत जळक्या तेलाचा वास आला. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं, खाली वाकलो, तर सँडविच प्लेटपासून अंडरट्रेपर्यंत सगळं ओलंचिंब. डिपस्टिकवर तेल किमान खुणेच्या खाली, आणि डॅशवरचा लाल दिवा अजून लागलेलाच नव्हता. थोडक्यात, पाच हजारांच्या गेजने गळती लावली आणि गाडी वाचली माझ्या नाकामुळे.

तरीही तुम्हाला लावायला सांगतोय ते हेच, ऑइलचं. फक्त प्रेशर आणि टेंपरेचर दोन्ही दाखवणारं घ्या.

डॅशवरचा तो लाल दिवा साध्या स्विचवर चालतो, आणि बऱ्याच इंजिनांत प्रेशर अर्ध्या बारच्या आसपास उतरल्यावरच तो स्विच जागा होतो. गरम इंजिनात ४,००० आरपीएमला चार बार दाखवणारा काटा एक दिवस दीडवर आला, तर ती मोठी गडबड आहे, पण दिव्याच्या लेखी सगळं आलबेल. कूलंटचा काटा तर सरळ थापा मारतो. बऱ्याच गाड्यांत खरं तापमान ८० असो की १००, तो मधोमध ९० वर खिळलेला असतो, म्हणजे गिऱ्हाईक घाबरून सर्व्हिस सेंटरला फोन करत नाही. शिवाय तेल पाण्याच्या खूप मागून तापतं. डिसेंबरात सकाळी सहाला पुण्यातून निघालो की पाच-सहा मिनिटांत पाणी ९० ला पोचतं, तेल तेव्हा जेमतेम ५०-६० वर असतं. टेंपरेचरही दाखवणारं गेज लागल्यापासून तेल ८० होईपर्यंत मी ३,००० आरपीएमच्या वर जात नाही, आणि घाटात रेटून आलो की १३० च्या जवळ जाण्याआधीच पाय काढतो. माझे पैसे खरे वसूल झाले ते या सवयीत.

आणि बझर असलेलंच घ्या. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल असताना तुमचे डोळे रस्त्यावर असतात, आणि असायलाच हवेत. काटा पडलेला तुम्हाला दिसणार नाही, बझर ऐकू येईल.

बूस्टचं म्हणाल तर तो आकडा ईसीयूकडे (इंजिनच्या कॉम्प्युटरकडे) आधीच आहे. हजार-बाराशेचा ओबीडी डाँगल (गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये बसणारा) आणि फोनवर अ‍ॅप, झालं काम. एकावेळी दोन-तीनच गोष्टी वाचायला लावा, नाहीतर स्वस्तातला डाँगल धापा टाकतो. एक मेख आहे. मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) निरपेक्ष, म्हणजे पार शून्यापासून मोजलेला, दाब दाखवतो, त्यातून बाहेरच्या हवेचा दाब वजा केला की बूस्ट निघतं. हा बाहेरचा दाब मुंबईत १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. उलट गेजचा काटा बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो, आणि बऱ्याच गाड्यांचा ईसीयू निरपेक्ष दाब गाठायला बघतो. म्हणून महाबळेश्वरला काटा मुंबईपेक्षा जास्त चढतो आणि मंडळी खूश होतात, की थंड हवेत गाडी काय पळतेय! तिथं टर्बो बिचारा जास्त राबत असतो, एवढंच.

खोटं कशाला बोलू, बूस्ट गेजचा मला एकदा फायदा झाला. सर्व्हिसिंगनंतर नेहमीच्या १.१ बारऐवजी काटा ०.८ वर अडायला लागला. इंटरकूलरच्या पाइपचा क्लॅम्प ढिला राहिला होता. पण हे डाँगलवरही दिसलंच असतं, आणि तेही मॅनिफोल्डच्या नळीत टी-जोड न घालता. तो जोड निसटला की नवीनच हवागळती.

एअर-फ्यूएल स्टेज १ ला नको. तुमच्या गाडीत कॅटच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधी वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर असण्याची शक्यता भरपूर आहे, आणि लॅम्डा (प्रत्यक्ष हवा-इंधन प्रमाण भागिले बरोबर प्रमाण) ओबीडीवर वाचता येतो. मोठे इंजेक्टर किंवा पिगीबॅक (ईसीयूचे सिग्नल बदलणारा जोडडबा) टाकाल तेव्हा वेगळं गेज घ्या आणि ते लॅम्डावर ठेवा. १४.७ (एक भाग इंधनाला हवेचे इतके भाग, वजनात) हा आकडा शुद्ध पेट्रोलचा. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलवालं) मिळतं, त्याचं बरोबर प्रमाण साधारण १३.५ आहे. गेज मात्र लॅम्डाला १४.७ ने गुणून तोच जुना आकडा दाखवत राहतं. लॅम्डा १ म्हणजे १, इंधन कुठलंही असो. डाउनपाइप करून घ्याल तेव्हा सेन्सरसाठी बंग (आटे असलेली कडी) वेल्ड करून वर प्लग मारून ठेवा, पुढे पाइप पुन्हा उतरवावा लागणार नाही.

छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोचा घात ज्याने होऊ शकतो, ते मात्र या तिन्हींपैकी एकातही दिसत नाही. पाचव्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमला पाय पूर्ण दाबलात तर स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटू शकतं, याला एलएसपीआय (लो-स्पीड प्री-इग्निशन) म्हणतात, आणि पिस्टन तुटायला असे मोजके भडके पुरतात. तिथं काटा हलेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. गिअर खाली घ्या आणि तेल एपीआय एसपी दर्जाचं भरा. २०२० मध्ये आलेल्या या दर्जात एलएसपीआयची चाचणी आहे. रिमॅपवाल्याकडून नॉक रिटार्डचा (नॉक झाल्यावर ईसीयूने स्पार्क किती मागे घेतला त्याचा) लॉगही मागून घ्या; द्यायला कां-कूं करत असेल तर काय ते समजा.

ए-पिलरचं काय? गाडीला कर्टन एअरबॅग (छताच्या कडेने खाली उघडणारी) असेल तर तिथं काहीही चिकटवू नका. बॅग उघडताना गेजचा पॉड (गेज बसवायची डबी) तिच्या वाटेत येतो, नाहीतर उडून तोंडावर. मी माझं गेज स्टिअरिंग कॉलमवर ठेवलंय.

तर २५ हजारांतला मोठा वाटा ऑइलच्या एका चांगल्या गेजला द्या. सेन्सर आणि सँडविच प्लेट एकाच कंपनीची, एकाच आट्यांची घ्या. जुन्या पद्धतीचं मेकॅनिकल गेज नको, त्यात गरम तेलाची नळी थेट केबिनमध्ये येते. आणि बसवल्यावर दोन-तीन दिवसांनी गाडी पिटवर घेऊन सेन्सरच्या बुडाशी पांढरा कपडा फिरवा. तेलाचा डाग दिसला तर त्याच दिवशी गॅरेज गाठा.