बोका हाताशी खेळतो, हातच चावतो

प्रश्न : सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेला साधारण चार महिन्यांचा बोका कायमचं घर मिळेपर्यंत आमच्याकडे आहे. माणसाळलाय, खातो-पितो, पण खेळता खेळता हात चावतो, पॅसेजमधून जाताना पायांवर झडप घालतो. घरात सहा वर्षांची मुलगी आहे. ही सवय कशी मोडायची?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी हा खेळ आहे की भीती, ते ओळखा. फिस्कारणं, कान चपटे, अंग जमिनीला टेकलेलं, निसटायला जागा शोधणारी नजर, असं दिसलं तर खेळ बंद. त्याला लपायला खोका द्या आणि एकटं सोडा. गुपचूप दबा धरून, मागचा भाग डोलवत उडी मारत असेल तर तो शिकार-शिकार खेळतोय.

चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू भावंडांशी खेळताना शिकतं. जास्त चावलं की समोरचं किंचाळतं आणि खेळ मोडतो. एकट्या सापडलेल्या पिल्लाचं हे शिक्षण बहुधा अर्धवट राहिलेलं असतं. त्यात दुधाचे दात पडून पक्के यायचं वय. आणि खरं सांगायचं तर निम्मा दोष माणसांचा : पिल्लू मुठीएवढं असताना बोटं नाचवून खेळवायची आणि मोठं झालं की तक्रार करायची!

म्हणून पहिला नियम : हात खाऊ देतो, कुरवाळतो, हात खेळणं नाही. घरातल्या सगळ्यांनी पाळायचा. रविवारी येऊन हाताने कुस्ती खेळणारा एक मामा असला, तरी आठवड्याची मेहनत वाया जाते.

खेळायला दोन-तीन फुटांची काठी घ्या, तिला तेवढीच दोरी आणि टोकाला चिंधीचा गोंडा बांधा. गोंडा त्याच्या तोंडासमोर नाचवू नका. उंदीर मांजराकडे चालत येत नाही. तो दूर सरपटत न्या, सोफ्याआड लपवा, थांबवा, पुन्हा किंचित हलवा. दर तीन-चार झडपांमागे एकदा खरोखर पकडू द्या. सकाळी आणि संध्याकाळी, मांजरांच्या उत्साहाच्या वेळी, दहा-दहा मिनिटं पुरतात. शेवटची दोन मिनिटं गोंडा थकल्यासारखा हळू करा, शेवटची शिकार त्याला करू द्या आणि लगेच जेवण वाढा. मग तो अंग चाटून झोपेल. बहुतेकांचं इथेच चुकतं : ऐन रंगात काठी ठेवून उठतात आणि त्याला पुढची शिकार म्हणून त्यांचा घोटा दिसतो. मागच्या पायांनी लाथा झाडायची हौस भागवायला जुन्या मोज्यात चिंध्या भरून वीतभर लांब लोड शिवून द्या.

तरीही हात पकडलाच तर झटकन ओढू नका. ओढलेला हात म्हणजे पळणारं सावज, शिवाय जखमही लांबते. हात सैल सोडा, हलकेच त्याच्या तोंडाच्याच दिशेने न्या. पकड ढिली झाली की हात काढून घ्या, तोंड फिरवा, अर्धा मिनिट त्याच्याकडे पाहूही नका. मग लोड पुढे करा. ओरडणं, नाकावर टिचकी, पाण्याचा फवारा यांतलं काही नको. त्याने तो हातालाच घाबरायला लागतो आणि नव्या घरी त्याला कोणी कुरवाळायला गेलं की बोचकारतो.

पॅसेजमधली त्याची दबा धरायची जागा ठरलेली असेल. तिथे पोहोचायच्या आधीच कागदाचा बोळा पुढे फेका. मुलीने पळायचं नाही, काठी मोठ्यांसोबतच धरायची.

रक्त आलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हळद, चुना काही भरू नका. सुटका केलेल्या मांजराच्या लसीकरणाचा भरवसा नसतो, त्यामुळे रेबीजची लस डॉक्टरांनाच ठरवू द्या. मांजराचा दात बारीक पण खोल जातो. वरून जखम क्षुल्लक दिसते आणि आत पू होतो.

प्रश्न : आमची दत्तक द्यायची मनी स्वतःहून मांडीवर येते, घुरघुरते आणि कुरवाळत असतानाच अचानक चावते. असं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : अचानक नसतं ते. आधी शेपटीचं टोक फटकारतं, पाठीची कातडी थरथरते, कान बाजूला वळतात, घुरघुर थांबते. यातलं एकही दिसलं की हात काढा. गाल, हनुवटी, कानांमागे तीन-चार सेकंद कुरवाळून थांबा. डोकं पुढे घासलं तरच पुन्हा सुरू करा. पोट आणि शेपटीच्या बुडापासून लांब राहा. ती पोट दाखवते म्हणजे तिथे हात लावायला बोलावते असं नाही. पूर्वी सहन करायची आणि आता एकदम चावते, असं असेल तर पशुवैद्यांना दाखवा. दुखणं असू शकतं. नवीन घरी देताना ही लक्षणं कागदावर लिहून द्या.

प्रश्न : लेसरचा ठिपका चालेल का?

उत्तर : आमचं मत विचाराल तर नको. ठिपका कधीच पंजात येत नाही, काही मांजरं त्याने चिडचिडी होतात. वापरलाच तर डोळ्यांवर पडू देऊ नका आणि शेवटी ठिपका उकडलेल्या चिकनच्या हरभऱ्याएवढ्या तुकड्यावर आणून थांबवा. दोरीची काठी मात्र खेळ संपला की कपाटात. गिळलेला दोरा आतड्यात अडकला तर ऑपरेशनची वेळ येते. आणि दोऱ्याचं टोक तोंडातून किंवा गुदद्वारातून बाहेर दिसलं तर ओढू नका, तसंच पशुवैद्यांकडे न्या.