धुक्यातले डोंगर फोटोत मळकट का येतात?

प्रश्न: एप्रिलमध्ये चीनला जाऊन आलो, ग्वेलिन आणि यांगशुओ. ली नदीकाठचे ते चुनखडीचे डोंगर धुक्यात डोळ्यांना भन्नाट दिसत होते पण फोटो सगळे राखाडी आणि मरगळलेले, एडिटिंगमध्ये डीहेझ (धुरकटपणा कमी करणारा स्लायडर) वाढवलं तर डोंगर काळेकुट्ट. परत जायचं चाललंय. मिररलेस कॅमेरा आहे, 24-70 आणि 70-200 मिमी लेन्स आहेत. काय करू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: दोष धुक्याचा नाही हो, मीटरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या यंत्रणेचा. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतो, मग पांढरंशुभ्र धुकं दिसलं की फोटो डार्क करून टाकतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) प्लस 2/3 पासून सुरू करा, लागलं तर प्लस 1 च्या थोडं वर जा, फक्त हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) उजव्या टोकाला चिकटू देऊ नका. रॉमध्येच (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढा.

24-70 बॅगेतच राहू दे! वाइडमध्ये पुढे नुसतं पांढरं आणि डोंगर एवढेएवढेसे. 70-200 लावून 150 च्या पुढे जा, पुढचा डोंगर गडद, त्यामागचा फिका, त्यामागचा जेमतेम, फोटो म्हणजे एवढंच. आपला सह्याद्री बेसाल्टचा, सलग, तिकडे पावसाच्या पाण्यात चुनखडक विरघळत जाऊन सुटेसुटे सुळके उरलेत आणि धुकं नेमकं त्यांच्या फटींत बसतं, म्हणून फोटोत डोंगरांच्या कडा एकमेकींवर चढू देऊ नका. आता डोंगर लांब असल्यामुळे दोन पावलं सरकून काही होत नाही, काठाकाठानं बरंच चालावं लागतं.

ऑटोफोकस भटकला तर जवळच्या डोंगराची कडा आकाशाला भिडते तिथे सिंगल पॉइंट ठेवा, नाहीच जमलं तर मॅन्युअल करून स्क्रीनवर झूम करून बघा. हॉटेलच्या एसीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते, तो बंद बॅगेतच बाहेरच्या हवेला येऊ द्या.

20 युआनच्या नोटेवर छापलेलं दृश्य शिंगपिंगजवळचं, तिथे तोबा गर्दी असते, मला विचाराल तर पहाटे शियांगगोंग टेकडीवर चढा, नदीचं अख्खं वळण खाली दिसतं. आणि पाणकावळे घेऊन तराफ्यावर बसलेले आजोबा पोझचे पैसे घेतात, भाव आधीच ठरवा.

डीहेझ अख्ख्या फोटोला नको, मास्क करून फक्त पुढच्या डोंगराला, तेही चिमूटभर. आणि एप्रिलचे फोटो रॉमध्ये असतील तर तिकीट काढायच्या आधी ते उघडून एक्स्पोजर वाढवून बघा, बरेचसे वाचतील.