वडिलांना स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत घसा मिटून श्वास अडकण्याचा आजार) आहे. सीपॅप मशीन (मास्कमधून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं) सोसत नाही, आता ‘स्लीप एंडोस्कोपी’ सांगितली आहे. झोपवून घसा तपासायची खरंच गरज आहे का?

वडिलांचा एएचआय (झोपेत तासाला किती वेळा श्वास अडकतो किंवा मंदावतो, तो आकडा) ४२ आहे आणि मास्क महिन्याभरात सुटला, असं तुम्ही लिहिलंय. ३० च्या वर म्हणजे तीव्रच. तरीही आधी मास्कचं माप, हवेची गळती, प्रेशर आणि नाक चोंदतं का, हे तुमच्या सांगलीतच नीट बघून घ्या. मशीन जमलं तर या तपासणीची गरज नाही. नाहीच जमलं आणि ऑपरेशनचा किंवा जबड्याच्या उपकरणाचा (झोपेत खालचा जबडा पुढे धरून ठेवणाऱ्या) विषय निघाला, तर मात्र ती जरूर करा.

जागेपणी घशाचे स्नायू ताठ असतात, त्यामुळे ओपीडीत दुर्बीण घातली तरी वाट मोकळीच दिसते. म्हणून थिएटरमध्ये भूलतज्ज्ञ पंपावर प्रोपोफॉल (शिरेतून द्यायचं झोपेचं औषध) हळूहळू वाढवतात. पेशंट घोरतोय, हाकेला ओ देत नाही, पण श्वास स्वतःचा घेतोय, ही योग्य पातळी. गडबड होते ती इथेच. डोस घाईने दिला तर कुणाचाही घसा मिटतो आणि नको ते ऑपरेशन गळ्यात पडतं.

मग नाकातून ३-४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण जाते. मऊ टाळूचा पडदा फडफडताना दिसतो, मग मागच्या भिंतीला चिकटतो. छाती-पोट हलतंय, हवा मात्र जात नाही. ऑक्सिमीटरचा टूंऽ टूंऽ आवाज खाली उतरत जातो, आणि एकदम घुसमटलेला श्वास सुटतो. टाळू, टॉन्सिल व बाजूच्या भिंती, जिभेचं मूळ आणि एपिग्लॉटिस (श्वासनलिकेच्या तोंडावरची झडप) या चार जागांना ०, १ किंवा २ गुण देतात. ही ‘व्होट’ पद्धत २०११ ची.

एपिग्लॉटिस मागे पडत असेल तर मशीनची हवा तिला आणखी दाबू शकते; मशीन न सोसण्याचं कारण कधी कधी तेच निघतं. टाळू बटव्याच्या तोंडासारखा चहूबाजूंनी आवळत असेल, तर जिभेच्या नसेला चालना देणारं यंत्र सहसा बसवत नाहीत. खालचा जबडा हाताने थोडा पुढे धरल्यावर वाट उघडली, तर जबड्याचं उपकरण लागू पडण्याची आशा असते. हे करून बघा, असं डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. कुशीवर वळवूनही बघायला सांगा.

खाणं ६ तास आणि पाणी २ तास आधी बंद. बीपी-शुगरच्या गोळ्यांचं भूलतज्ज्ञांना विचारा. व्हिडिओ पेनड्राइव्हवर मागून घ्या, दुसरं मत घ्यायला तो लागतो. आणि त्या दिवशी वडिलांना गाडी चालवू देऊ नका.