लिमाचा ऑक्टोबर जांभळा का?

प्रश्न: ताई, आम्ही वसईचे कॅथलिक. माझा भाचा नोकरीसाठी पेरूत लिमाला असतो, त्याने ऑक्टोबरमधल्या मिरवणुकीचा व्हिडिओ पाठवला. अख्खा रस्ता जांभळ्या कपड्यातल्या लोकांनी भरलेला! आपल्याकडे जांभळा म्हणजे लेंट, ईस्टरआधीचा उपवासकाळ, मग ऑक्टोबरमध्ये कसा? आणि शेजारचे एक काका म्हणतात हे खरं कॅथलिक नाहीच, जुन्या मूर्तिपूजेची भेसळ आहे. खरं काय?

उत्तर: काकांना माझा नमस्कार सांगा, पण 'भेसळ' हा शब्द मला नाही पटत.

ही मिरवणूक 'सेन्योर दे लोस मिलाग्रोस' ची, म्हणजे चमत्कारांच्या प्रभूची. लिमाच्या वेशीवर पाचाकामिया नावाची गरीब वस्ती होती, तिथे आफ्रिकेतून गुलाम करून आणलेले लोक राहायचे. 1651 च्या सुमारास त्यांच्यातल्याच एका अंगोलाच्या माणसाने साध्या मातीच्या भिंतीवर क्रुसावरचा येशू रंगवला असं सांगतात. 1655 मध्ये भूकंप झाला, आजूबाजूचं सगळं कोसळलं आणि ती एक भिंत उभी राहिली. लोक जमायला लागले, रात्री दिवे लावून गाणी म्हणायला लागले, आणि हे वरच्या लोकांना खटकलं. 1671 मध्ये चित्र पुसून टाकायचा हुकूम निघाला, पण पुसायला गेलेल्यांचे हातपाय थरथरायला लागले, पुसणं काही जमलंच नाही असं परंपरा सांगते, आणि शेवटी हुकूमच मागे घ्यावा लागला. मला हा भाग सगळ्यात मोठा वाटतो, कारण ज्यांना माणूस म्हणून कुणी मोजत नव्हतं त्यांचा देव त्या शहराला मान्य करावा लागला. मग 1687 च्या मोठ्या भूकंपात त्या चित्राची तैलरंगातली प्रत रस्त्यावर काढली, मिरवणूक तेव्हापासूनची.

आता काकांच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे तेही सांगते. पाचाकामिया हे नाव पाचाकामाकवरून आलंय, ते लिमाजवळचं इंका साम्राज्याच्याही आधीचं तीर्थक्षेत्र, आणि तिथला देव भूकंपाचा मानायचे. पेरूच्या इतिहासकार मारिया रोस्तवोरोव्स्की यांनी हा धागा दाखवून दिलाय. पण जमीन सारखी हलते तिथली माणसं भूकंपातून वाचव म्हणून देवाला हाक मारणारच ना, मग ती येशूला मारली तर ती खोटी कशी? पेरूतल्याच कुस्को शहराच्या कॅथेड्रलमध्ये येशूच्या शेवटच्या भोजनाचं चित्र आहे मार्कोस सापाता यांचं, त्यात येशूपुढच्या ताटात कुय आहे, म्हणजे तिकडे घरोघरी खातात तो गिनीपिग. ज्याच्या त्याच्या घरचं ताट, बस.

रंगाचं म्हणाल तर चित्र सांभाळणाऱ्या नाझारेनास मठातल्या धर्मभगिनींचा झगा जांभळा, भक्तांनी तोच उचलला, कुणी नवस बोलून महिनाभर तोच घालतं. चित्राचं मखर एक टनाहून जड, ते वाहणाऱ्या खांदेकऱ्यांच्या 20 तुकड्या आहेत, पुढे बायका धूप घेऊन चालतात. मखराच्या मागच्या बाजूला येशूची आई मरिया हिचं चित्र असतं, व्हिडिओत नीट बघा. आणि तुर्रोन दे दोन्या पेपा नावाची बडीशेपवाली चिकट मिठाई याच महिन्यात ढिगाने खपते.

पेरूच्या 2017 च्या जनगणनेत 12 वर्षांवरचे 76 टक्के लोक कॅथलिक होते, आधी याहून बरेच जास्त होते, इव्हँजेलिकल म्हणजे प्रोटेस्टंट पंथांचे लोक वाढतायत. तरी ऑक्टोबरला लिमा लोटतं.

भाच्याला म्हणावं, मुख्य दिवस 18, 19 आणि 28 ऑक्टोबर, पहाटेच जा. पण मिरवणुकीत फिरते ती प्रत हं. मूळ भिंत नाझारेनास चर्चच्या वेदीमागे आहे, जागची हललेली नाही, तिथे एखाद्या साध्या दिवशी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाऊन बस.