धातूयुक्त मातीतली झाडे किड्यांपासून आणि गुरांपासून कशी वाचतात?

गुजरातमधील शिवराजपूरच्या जुन्या मँगनीज खाणींसारख्या ठिकाणी, जिथे मातीतच धातू भरपूर असतो, गुरे आणि किडे तिथली झाडे खातात का, आणि खात असतील तर ती झाडे टिकतात कशी, असे आपण विचारले आहे. मी बडोद्यात वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि हा विषय माझ्या विशेष आवडीचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

अशा मातीतल्या बहुतेक वनस्पती धातू मुळांपाशीच अडवतात. त्यांच्या पानांत तो फारसा पोहोचत नसल्यामुळे काटे, लव, चीक, कडू-तुरट द्रव्ये या नेहमीच्या साधनांवरच त्यांना भागवावे लागते.

मात्र सातशेहून अधिक जाती याच्या उलट वागतात आणि धातू पानांत साठवतात; त्यांना अतिसंचयी वनस्पती म्हणतात. निकेलच्या बाबतीत वाळलेल्या पानाच्या दर किलोमागे १ ग्रॅमहून जास्त निकेल असेल, तर ती वनस्पती या गटात धरतात. न्यू कॅलेडोनिया बेटावरील पिक्नांड्रा अक्युमिनाटा या वृक्षाचा चीक निकेलमुळे निळसर हिरवा दिसतो आणि वाळवल्यावर त्याच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा निकेलच भरतो.

हा साठा शत्रूंपासून रक्षण करत असावा, ही कल्पना रॉबर्ट बॉइड आणि स्कॉट मार्टेन्स यांनी १९९२ मध्ये नीट मांडली. कॅलिफोर्नियातील सर्पेंटाइन खडकाच्या मातीत वाढणारी, मोहरीच्या कुळातील स्ट्रेप्टँथस पॉलिगॅलॉइडीस ही वनस्पती त्यांनी निकेलयुक्त आणि साध्या अशा दोन्ही मातींत वाढवली. निकेल भरलेली पाने खाणाऱ्या, कोबीवरील पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्या मेल्या. वनस्पती एकाच जातीची आणि फरक मातीतील निकेलचा, म्हणून हा पुरावा मला विशेष भक्कम वाटतो. त्याच कुळातील, जस्त साठवणाऱ्या नोक्सिया सेरुलेसेन्सवर टोळ, गोगलगायी आणि अळ्या सोडल्या, तेव्हा त्यांनीही कमी जस्ताची पाने पसंत केली. या वनस्पतीत जस्त मुख्यतः पानाच्या बाह्यत्वचेतील पेशींच्या रिक्तिकांमध्ये, म्हणजे पेशीतील रसाने भरलेल्या पिशव्यांमध्ये, असते, त्यामुळे पान कुरतडणाऱ्याच्या तोंडी पहिल्याच घासाला ते येते.

पण हे कवच अभेद्य नाही. मावा पान चावत नाही, अन्नरस वाहणाऱ्या नलिकांत सोंड खुपसून रस शोषतो, आणि स्ट्रेप्टँथसवरील प्रयोगांत निकेलचा त्याच्यावर परिणाम दिसला नाही. मेलॅनोट्रायकस बॉइडी नावाचा, ढेकणाच्या गटातील पण झाडावर पोसणारा कीटक तर याच झाडावर जगतो आणि स्वतःच्या शरीरात निकेल बाळगतो. अमेरिकेत सेलेनियम हे मूलद्रव्य साठवणाऱ्या स्टॅन्लेया पिन्नाटावर पोसणारा, आपल्या कोबीवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचाच एक प्रकारही सापडला आहे. म्हणून केवळ संरक्षणासाठीच ही साठवण सुरू झाली असे मी म्हणणार नाही. दुष्काळात तग धरणे किंवा नको असलेला धातू बाजूला काढणे हीही कारणे सुचवली गेली आहेत.

गुरांच्या बाबतीत मात्र, अपायकारक झाड त्यांना कळेल आणि ती ते टाळतील, यावर विसंबू नये. पंजाबात होशियारपूर आणि नवांशहर भागात सेलेनियमयुक्त चारा खाऊन गुरांचे केस गळाल्याची, खूर फुटल्याची नोंद आहे. खाणीच्या ढिगाऱ्यावरचा चारा गुरांना द्यायचा असेल, तर आधी मातीबरोबर पानांचीही प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी.