सहा कप्पे, पाच काडतुसे
प्रश्न : जुन्या सिंगल-ॲक्शन (दर गोळीआधी घोडा हाताने मागे ओढावा लागणाऱ्या) रिव्हॉल्वरमध्ये सहा कप्पे असूनही पाचच काडतुसे भरावीत, असे का सांगतात?

उत्तर : १८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्वरच्या धर्तीवरील रचनेत घोडा, म्हणजे हॅमर, पूर्ण खाली असताना त्याचा आघात थेट काडतुसाच्या बुडापर्यंत पोहोचतो, त्यामुळे शस्त्र निसटून घोड्यावर आपटले, तर चापाला बोट न लागताही गोळी सुटू शकते. म्हणून त्याखालचा कप्पा रिकामाच हवा. १९५३ मध्ये आलेल्या रुगर या शस्त्रनिर्मात्या कंपनीच्या पॉइंट २२ ‘सिंगल-सिक्स’ रिव्हॉल्वरलाही हेच लागू होते. १९७३ पासून रुगरने ट्रान्सफर बार बसवला; चाप मागे ओढलेला असेल तरच ही पट्टी घोड्याचा आघात पुढे पोहोचवते. जुन्या नगांत कंपनी ही सुधारणा विनामूल्य करून मूळ भाग परत देते, तेव्हा संग्रहमूल्याच्या काळजीपोटी ती टाळणे मला मुळीच पटत नाही.